रूळ गेले, विमान आले

जपानी समुद्रात अंगठ्यासारखे घुसलेले नोतो द्वीपकल्प. वाजिमाला जाणारी आगगाडी २००१ साली बंद झाली, आणि ७ जुलै २००३ रोजी डोंगरमाथ्यावर २००० मीटरांची धावपट्टी खुली झाली. दोन वर्षांनी ताकोजिमाचे रूळही गेले!

टोकियोहून दिवसाला दोन विमाने. करार मोठा गमतीचा: आसने ठरल्याहून कमी भरली तर कंपनीला पैसे द्यायचे ते प्रांत सरकारने, जास्त भरली तर कंपनीने सरकारला. पहिल्याच वर्षी कंपनीला खिशात हात घालावा लागला.

मी २०१८ साली तिथे उतरलो. बाहेर फलाट कुठला? आगाऊ सांगून ठेवलेली सामाईक टॅक्सी उभी होती. नाव ‘फुरुसातो’, म्हणजे आपले मूळ गाव. माझ्या शेजारच्या आजीबाईंना तिने थेट अंगणात उतरवले. एवढे लाड आमच्या एस.टी.ने कधी केले नाहीत बुवा!

१ जानेवारी २०२४ च्या भूकंपात रस्ते खचले, धावपट्टीला भेगा पडल्या, सुमारे पाचशे माणसे विमानतळावरच अडकली. २७ जानेवारीला प्रवासी विमान पुन्हा उतरले. सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस. पुढे मदतीला आलेल्यांसाठी विमानतळाच्या आवारातच तात्पुरत्या खोल्या उभ्या राहिल्या.