पायाची माती

सावदा आणि त्याच्या आसपासचा केळीचा मुलूख पाहिला, म्हणजे माती हीच खानदेशी माणसाची खरी ठेव आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. शेताचा बांध फुटला तर भर पावसात फावडे घेऊन धावणारा शेतकरी आम्ही पाहिला आहे. वीतभर बांधासाठी कोर्टाची पायरी चढणारी घराणीही आम्हांस ठाऊक आहेत. परंतु तोच गृहस्थ गावात घर बांधावयास काढतो, तेव्हा पायाची माती रस्त्याच्या कडेस टाकून मृगाच्या स्वाधीन करतो, याचा आम्हांस विस्मय वाटतो.

दोन जोराच्या सरींत तो ढीग गटारात उतरतो, गटार तुंबते आणि पाणी शेजाऱ्याच्या ओट्यावर चढते. गाळ साचत गेला म्हणजे काय होते, हे जवळच तापीवर हतनूरला दिसते. १९८२ साली पुऱ्या झालेल्या त्या धरणाची साठवणशक्ती गाळाने फार घटली आहे. तो गाळ घरांच्या पायांतून आला असे आमचे म्हणणे नाही. तो मुख्यत्वे शेतांतून व डोंगरउतारांवरून येतो. तथापि एकदा वाहून गेलेली माती परत आणणे किती दुर्घट, हे त्यावरून कळावे.

सरकारने याचा विचार केलाच नाही, असे नाही. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामास पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी लागते, आणि वरची सुपीक माती राखून बागेसाठी वापरावी, अशी अट तीत बहुधा असते. पण गावातले साधे घर या मापात कोठून बसणार?

शिवाय आपली काळी माती अडविण्यास कठीण. तिचा ०.००२ मिलिमीटरचा कण एक मीटर खोल निश्चल पाण्यात तळाशी जाण्यास सुमारे तीन दिवस घेतो. म्हणून खड्डा खणून गढूळ पाणी निवळविण्यापेक्षा माती मुळात सुटू न देणे हेच श्रेयस्कर. पाया उन्हाळ्यातच भरून घ्यावा, ढीग उतारापासून दूर ठेवून ताडपत्रीने झाकावा, वरच्या अंगास चर काढून बाहेरचे पाणी वळवावे, आणि वरची माती परसात पसरावी. नगरपरिषदेने बांधकामाच्या परवान्यावर एवढ्या चार ओळी छापल्या, तर खर्च फारसा नाही. परंतु शेजाऱ्याचा ओटा कोरडा राहावा, अशी इच्छा मात्र घरधन्यासच असावी लागेल. ती परवान्यावर छापता येत नाही.