फण्यावरची मंदाकिनी

१९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ची सुरुवात गोकुळात होत नाही. पडद्यावर आधी येते सातेक वर्षांची एक मुलगी. मोरपीस नाही, पीतांबर नाही. ती हसते, रुसते, घाबरते, चिडते. एकेक भाव चेहऱ्यावर आणते आणि पुसून टाकते. मग तोच चेहरा विरघळतो आणि त्यातून कृष्ण उमटतो. ही मंदाकिनी, दादासाहेब फाळक्यांची मुलगी. देव दाखवण्याआधी बापाने आपली लेक दाखवली.

कीर्तनकार कृष्ण उभा करतो तेव्हा समोर बसलेला प्रत्येक जण आपापला कृष्ण पाहतो. कुणाचा सावळा, कुणाचा गुबगुबीत, कुणाचा थेट आपल्या नातवाच्या वळणाचा. पडद्याला ही मोकळीक नाही. तिथे एकच नाक, एकच चाल, एकच हसू लागतं आणि ते जित्याजागत्या माणसाकडून मागून आणावं लागतं. पुराणकथा पडद्यावर नेण्यातली सगळी जोखीम मला या मागून आणण्यात दिसते.

फाळक्यांना देवांची चित्रं नवी नव्हती. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला, जे.जे.मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला हा माणूस रविवर्म्याच्या छापखान्यात काम करून आलेला. घरोघरच्या भिंतींवरचे देव कसे छापले जातात हे त्याने जवळून पाहिलं होतं. जादूचे प्रयोगही तो करायचा. गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना त्याला राम-कृष्ण दिसू लागले, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. मला त्यापुढची अडचण अधिक मोलाची वाटते. दिसलेले राम-कृष्ण व्हायचे कुणी?

‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) तारामती व्हायला बाई मिळेना. ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे ‘लंकादहन’मध्ये (१९१७) रामही तेच आणि सीताही तेच. आणि रोहिदास? हरिश्चंद्राच्या कथेत तो साप चावून मरतो. खोटंखोटं का होईना, आपल्या पोराला मरायला कोण पाठवणार? फाळक्यांनी स्वतःच्या भालचंद्राला उभं केलं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई तेव्हा फिल्मच्या कडांना भोकं पाडत होत्या आणि सगळ्या मंडळींसाठी रांधतही होत्या. त्यांचाच मुलगा पडद्यावर निपचित पडणार होता. त्या काय बोलल्या असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

सहा वर्षांनी याच घरातली मुलगी सापाच्या फण्यावर चढली. एका लेकराला सापाने नेलं होतं, दुसऱ्याने त्याला नमवलं. हे कुणी ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. पण ‘कालिया मर्दन’ पाहताना दोन्ही मुलं मला एकत्र दिसतात.

त्यातला डोहाचा प्रसंग पाहावा. कृष्ण पाण्याखाली नागाशी झुंजतो आहे. नाग बनावट आहे हे लहान मूलही ओळखेल. तरी जीव खालीवर होतो, कारण कॅमेरा झुंज सोडून पुन्हा पुन्हा काठावर येतो. तिथे माणसं ताटकळली आहेत, आई-बाप कासावीस झाले आहेत. पाण्याखाली देव आहे हे आपल्याला ठाऊक आहे, त्यांना मात्र आपलं पोर बुडाल्याचं दिसतं आहे. आणि काठावरचा नंद जसा बाप आहे, तसा चित्रपट घडवणाराही बापच आहे. सुरुवातीला आपण त्या मुलीचा उघडा चेहरा पाहिलेला असतो, म्हणून ही काळजी खरी वाटते.

राम पडद्यावर येताच प्रेक्षक पायातल्या वहाणा काढत, असं ‘लंकादहन’विषयी सांगतात. याला भोळेपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. कोकणात दशावतारात रात्री मुकुट चढवणारा माणूस सकाळी आपल्या शेतात असतो, हे साऱ्या गावाला माहीत असतं. त्याने रात्रीचं देवपण उणं होत नाही. माणूस ओळखीचा असूनही लोक हात जोडतात. मंदाकिनी आधी दाखवणाऱ्या फाळक्यांनी प्रेक्षकाच्या याच समजुतीवर भिस्त ठेवली.

आज संगणकावर हवा तेवढा मोठा कालिया करता येतो. त्याचे खवले चमकतात, फणा आभाळाला भिडतो, आणि पडदाभर पाणी उसळत असताना मला मात्र काठ दिसत नाही. सर्प वाढला तसं लेकरू लहान होत गेलं, पार दिसेनासं झालं. दोष यंत्राचा नाही. फाळके तर यंत्रवेडे होते, हे साधन हाती लागतं तर त्यांनी ते आनंदाने वापरलं असतं. नवा ‘कालिया मर्दन’ कुणी करत असेल तर माझं एवढंच मागणं आहे: नाग हवा तसा करा, पण काठावरच्या यशोदेला वेळ द्या, आणि ती ज्या पोरासाठी थांबली आहे त्याचा चेहरा आम्हाला आधी नीट पाहू द्या.