मूळ फीत आणि ऐकलेले गाणे

जुन्या ध्वनिमुद्रिकेची रीमास्टर केलेली नवी आवृत्ती बाजारात येते तेव्हा तिच्या वेष्टनावर 'मूळ फितींवरून' हे शब्द बहुधा असतात. या शब्दांत एक आश्वासन असते. मधल्या काळात आवाजावर चढलेली पुटे खरवडून काढली आहेत आणि स्टुडिओत जे घडले तेच आता श्रोत्याच्या कानी पडणार आहे, असे ते आश्वासन. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ते ओळखीचे वाटेल. प्रक्षेप दूर केले, लेखनिकांचे प्रमाद दुरुस्त केले की कर्त्याचा शब्द हाती लागतो, ही पाठचिकित्सेमागील श्रद्धाही याच जातीची आहे. तिची कसोटी पाहायची झाल्यास बॉब डिलनच्या 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' या १९७५ च्या ध्वनिमुद्रिकेइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. २०१६ मध्ये डिलनला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्याची गीते वाङ्मयीन संहिता आहेत की नाहीत यावर पुष्कळ वाद झाला. ती संहिता नेमकी कोठे वसते, हा प्रश्न त्या वादात मागेच राहिला.

या ध्वनिमुद्रिकेचा जन्म एकदाच झालेला नाही. सप्टेंबर १९७४ मध्ये न्यू यॉर्कच्या ए अँड आर स्टुडिओत, फिल रामोन याच्या देखरेखीखाली, डिलनने तिच्यातील दहाही गाणी मुद्रित केली. पहिल्या दिवशी एरिक वाइसबर्ग आणि त्याचे साथीदार होते. पुढे बहुतेक ठिकाणी साथ उरली ती टोनी ब्राउनच्या बास गिटारची. चाचणीच्या तबकड्या निघाल्या, वेष्टनही छापून झाले. डिसेंबरात डिलन मिनेसोटात गेला. तेथे त्याचा भाऊ डेव्हिड झिमरमन याने ही तबकडी ऐकली. त्यानंतर २७ आणि ३० डिसेंबर रोजी मिनिआपोलिसच्या साउंड ८० या स्टुडिओत, स्थानिक वादक जमवून, डिलन दहांपैकी पाच गाणी नव्याने गायला. जानेवारी १९७५ मध्ये दुकानांत आलेली तबकडी निम्मी न्यू यॉर्कची आणि निम्मी मिनिआपोलिसची होती.

हा बदल केवळ साथीचा नव्हता. 'टँगल्ड अप इन ब्लू' या गाण्याच्या न्यू यॉर्क येथील पाठात आरंभीचा नायक तृतीयपुरुषी आहे. मिनिआपोलिसच्या पाठात तो 'मी' झाला. 'इडियट विंड' आधी जवळजवळ पुटपुटल्यासारखे, आतल्या आत जळणारे गाणे होते. नंतर ते उघड संतापाचे झाले. निवेदकाचे सर्वनाम बदलले की कवितेचा संपूर्ण व्यूह बदलतो, हे समीक्षेच्या विद्यार्थ्यास सांगण्याची गरज नाही. तेव्हा येथे 'मूळ' कशाला म्हणायचे? कर्त्याचा अंतिम हेतू प्रमाण मानणारा, फ्रेडसन बॉवर्स यांच्या परंपरेतील संपादक डिसेंबरचा पाठ उचलील. कलाकृती ही कर्त्याबरोबरच प्रकाशक, मुद्रक आणि वाचक यांच्या व्यवहारातून सिद्ध होते, असे १९८३ मध्ये मांडणारा जेरोम मॅकगन भावाचा कान आणि आयत्या वेळी आलेले वादक यांनाही निर्मितीच्या हिशेबात घेईल. 'मूळ फितींवरून' हे शब्द मात्र हा प्रश्नच उपस्थित होऊ देत नाहीत.

रीमास्टरिंग म्हणजे काय, हेही स्पष्ट केले पाहिजे. गायन-वादनाचे वेगवेगळे ट्रॅक एकत्र करून जी अंतिम फीत तयार होते, तिच्यावर छपाईपूर्वी केला जाणारा शेवटचा संस्कार म्हणजे मास्टरिंग. आणि काही वर्षांनी तो संस्कार नव्या माध्यमासाठी पुन्हा करणे म्हणजे रीमास्टरिंग. हा संस्कार तटस्थ कधीच नसतो. ५१ मिनिटांहून अधिक काळाचे संगीत तबकडीच्या दोन बाजूंवर बसवायचे तर खाचा दाटीने कापाव्या लागतात आणि त्यासाठी आवाजाची पातळी व खर्ज आवरते घ्यावे लागतात. सुई केंद्राकडे सरकते तसे उंच स्वर धूसर होतात. पाचव्या गाण्यानंतर तबकडी उलटावी लागे आणि तेवढी शांतता रचनेचाच भाग होऊन बसे. सीडीने ती शांतता पुसून टाकली. पुढे अनेक रीमास्टर आवृत्त्यांनी मृदू आणि तीव्र यांतील अंतर कमी करून सगळेच मोठ्याने ऐकवण्याचा मार्ग धरला. २००३ मध्ये डिलनच्या पंधरा ध्वनिमुद्रिका सुपर ऑडिओ सीडीच्या रूपात पुन्हा निघाल्या, त्यांत हीही होती. प्रत्येक संस्कार त्या त्या काळाच्या श्रवणसंकेतांचा पुरावा असतो. ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करणाऱ्या एकनाथांसमोर पाठभेदांनी भरलेल्या प्रती होत्या. शुद्ध काय हे त्यांना ठरवावे लागले. ध्वनितंत्रज्ञासमोर तर प्रत्यक्ष फीतच असते. तरीही ठरवणे त्याला चुकत नाही.

याचा सर्वांत सूक्ष्म प्रत्यय २०१८ मध्ये आला. त्या वर्षी 'मोअर ब्लड, मोअर ट्रॅक्स' या नावाने न्यू यॉर्कच्या उपलब्ध मुद्रणांचा सहा सीडींचा संच प्रकाशित झाला. त्यासोबत एक गोष्ट जाहीर झाली. १९७४ मध्ये अनेक फितींचा वेग डिलनच्याच सांगण्यावरून दोन ते तीन टक्क्यांनी वाढवण्यात आला होता. गाण्याला थोडी उसळी यावी म्हणून त्या काळी, विशेषतः रेडिओसाठी, असे सर्रास करीत. नव्या संचात तो वेग आणि नंतर चढवलेला घुमारा दोन्ही काढून टाकले आहेत. वरवर पाहता हे आकडे क्षुल्लक आहेत. पाच मिनिटांचे गाणे सहा ते नऊ सेकंदांनी आखूड होते; पट्टी लगतच्या दोन स्वरांमधील अंतराच्या एक तृतीयांश ते निम्म्याने चढते. परंतु मानवी आवाजाच्या बाबतीत एवढा फरक पुरेसा असतो. वेग वाढवलेला आवाज किंचित तरुण, किंचित ताणलेला वाटतो.

अशा वेळी त्या श्रोत्याचा विचार करावा लागतो, ज्याने ही तबकडी विशीत ऐकली आणि चाळीस वर्षे जवळ बाळगली. वियोगाची, परत न मिळणाऱ्या दिवसांची ही गाणी त्याने स्वतःच्या वियोगांच्या काळात ऐकली. त्याच्या स्मरणातील आवाज एका विशिष्ट पट्टीत आहे. आता त्याला सांगितले जाते की तो आवाज स्टुडिओत तसा उमटलाच नव्हता; तेहतीस वर्षांचा गायक प्रत्यक्षात याहून थोडा सावकाश, थोडा जड गात होता. नवी आवृत्ती ऐकताना तो सुखावतो, कारण श्वास आता जवळून ऐकू येतो; आणि अस्वस्थ होतो, कारण त्याचे गाणे त्याच्यापासून काढून घेतल्यासारखे होते. यात त्याची केवळ स्मरणरंजनाची हौस आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वेग वाढवण्याचा निर्णय कर्त्याचाच होता. मग फितीवरचे आधीचे गाणे अधिक मूळ, की कर्त्याने मान्य करून जगापुढे ठेवलेले? कालक्रमाने जे आधीचे, ते अधिकाराने श्रेष्ठ ठरतेच असे नाही.

आवाज आणि गोंगाट यांच्या सीमेबाबतही हेच म्हणता येते. न्यू यॉर्कच्या मुद्रणात काही ठिकाणी डिलनच्या कोटाच्या गुंड्या गिटारवर आपटल्याचे ऐकू येते. फितीची सरसर काढायची आणि गुंड्यांचा आवाज ठेवायचा, असे कोणी ठरवतो तेव्हा सरसर हा प्रक्षेप आहे आणि गुंड्या हा संहितेचा अंश आहे, असा निवाडा तो देत असतो. निवाडा योग्यही असेल. पण तो समीक्षकाचा निवाडा आहे, यंत्राचा नव्हे.

म्हणून रीमास्टर आवृत्तीचे मोल ती मुळाच्या किती जवळ जाते यावर ठरवता येत नाही. निर्णयांचा जो इतिहास पहिल्या प्रकाशनाने झाकला, तो ती किती उघड करते, यावर ते ठरावे. एकच चकचकीत पाठ 'खरा' म्हणून पुढे करणारी आवृत्ती श्रोत्याकडून काही हिरावून घेते. न्यू यॉर्कची चाचणीची तबकडी २०१९ मध्ये स्वतंत्रपणे प्रकाशित झाली. ती १९७५ च्या तबकडीशेजारी ठेवली की एकीने दुसरीला रद्द करण्याचे कारण उरत नाही. एकाच कवीने केलेले दोन पाठ जसे शेजारी छापावेत, तशा त्या दोन्ही ऐकता येतात.

आणखी एक दुरुस्ती आहे, जी कोणत्याही ध्वनियंत्राने झाली नसती. १९७४ च्या डिसेंबरात वेष्टन आधीच छापून झाल्यामुळे मिनिआपोलिसच्या वादकांची नावे त्यावर आली नाहीत. केव्हिन ओडेगार्ड, ख्रिस वेबर, बिल बर्ग, बिली पीटरसन, ग्रेग इनहोफर आणि पीटर ओस्ट्रौश्को यांचे वादन जगभर ऐकले गेले. वेष्टनावर मात्र ते अनामिक राहिले. 'टँगल्ड अप इन ब्लू'ची पट्टी चढवावी, ही सूचना ओडेगार्डची होती. त्यांच्या वाट्याचे श्रेय छापील रूपात आले ते २०१८ च्या संचात. १९७४ पासून त्यांचे सूर फितीवर होतेच. नवीन होती ती केवळ एक छापील यादी.