पिठाच्या पोत्यांची लढाई

आमच्या घरी एका जुन्या पेटीत पणजोबांचे पदक आहे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात ते मेसोपोटेमियात होते, एवढेच आम्हांस लहानपणी ठाऊक होते. आणि तेवढ्या भांडवलावर आम्ही शाळेत त्यांच्या हातून तुर्कांची एक अख्खी पलटण कापून काढिली होती. ही शौर्यकथा आजोबांच्या कानी गेली. ते रागावले नाहीत. "अरे, ते बसऱ्याच्या कोठीवर कारकून होते. पिठाची पोती मोजीत," एवढेच म्हणाले. आम्हांस मेल्याहून मेल्यासारखे झाले. पुढे कित्येक वर्षे ते पदक आम्ही कोणास दाखविले नाही.

मोठेपणी त्या मोहिमेचा इतिहास हाती आला, तेव्हा आमची मान निराळ्याच कारणाने खाली गेली. नोव्हेंबर १९१५ मधील टेसिफोनच्या लढाईतले जखमी लोक तैग्रिस नदीतून पडावांत घालून आणिले, ते जखमांवरील पट्टीही न बदलता. पुढे कूटच्या वेढ्यात, जेथे मराठा पलटणींचे जवानही होते, धान्य संपत आले. बसऱ्यास जहाजे माल उतरविण्यासाठी खोळंबून राहात आणि नदीवर पुरेशा आगबोटी नसत. विमानांतून पोती टाकून पाहिली, पुरली नाहीत. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० लोक शरण गेले. शौर्यात ते उणे नव्हते. पीठ उणे होते! १९१७ मध्ये चौकशीचा अहवाल निघाला, आणि भारतमंत्री चेंबरलेन यांस राजीनामा द्यावा लागला. तोवर बंदर, बोटी, इस्पितळे यांची व्यवस्था सुधारून मार्च १९१७ मध्ये बगदादही हाती आले होते. त्यात आमच्या पणजोबांचा वाटा किती, हे विचारण्याचा धीर आम्हांस होत नाही. वंशजांस अतिशयोक्तीची खोड असते, हे वर आलेच आहे.

बसऱ्याचे स्मारक १९२९ मध्ये उघडले. त्यावर गोऱ्या सैनिकांची व हिंदी अंमलदारांची नावे कोरिली; साधे हिंदी लोक फलकांवर नुसत्या संख्येने आले. शिधा वाटणाऱ्या कारकुनांच्या वहीत मात्र त्यांची नावे असतील.

परवा आमच्या नातवाने पेटी उघडून तोच प्रश्न केला. आम्ही खरे ते सांगितले. त्याने क्षणभर विचार करून विचारिले, "किती पोती?"