आवंदाची आखाजी

धुळे-जळगावकडच्या लेकींचा उन्हाळ्याचा बेत एकच असतो: आखाजीला माहेरी जायचं. पारा पंचेचाळिसाकडे सरकतो, दुपारी गावातले रस्ते ओस पडतात, आणि नेमकी तेव्हाच सासुरवाशीण मनातल्या मनात पिशवी भरू लागते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे दिवाळीचा मान. पितरांच्या नावाने घागर भरायची, तिच्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या ठेवायच्या, चुलीत नैवेद्याची आगारी टाकायची. शेतावरच्या सालदाराचं नवं साल याच दिवसापासून धरायचं. पण लेकींची आखाजी असते निंबाला बांधलेल्या झोक्यात. माहेरी आलेली बाई एकदा त्या झोक्यावर बसली, की तिला कामासाठी हाक मारायची नाही, मग ती पन्नाशीची का असेना. वर्षातून एवढेच दिवस तिला कुणी उठवत नाही.

लग्नानंतरची पहिली आखाजी तर भावाने न्यायला जायची. 2020 साली धाकट्या बहिणीला आणायला मी सुरतेला जाणार होतो. मागांवर, कापडबाजारात पोटासाठी गेलेली कितीतरी खानदेशी घरं तिकडे आहेत, आणि सुरत-भुसावळ लाईन हाच त्यांचा माहेरचा रस्ता. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर ही स्टेशनं लेकींना तोंडपाठ असतात. नऊ मार्चला होळी पेटली, लगेच मायने ज्वारीच्या बिबड्यांचा घाट घातला. बावीस मार्चला कोरोनामुळे गाड्या थांबल्या. पंचवीस तारखेचा पाडवा टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी आला.

तरी आशा होती. एकवीस दिवसांची टाळेबंदी 14 एप्रिलला उठणार, आखाजी 26 एप्रिलला. मधे बारा दिवस. तेवढ्या बारा दिवसांवर बहिणीने सगळा बेत उभा केला. फोनवर रोज तेच बोलणं: गाडी नाही मिळाली तर नवापूरवरून मोटारीने यायचं, तेही नाही जमलं तर कुणाच्या तरी टेम्पोत बसून. 11 एप्रिलला राज्याने मुदत तीस तारखेपर्यंत वाढवली. 14 तारखेला देशाची टाळेबंदी 3 मेपर्यंत गेली. आखाजी आतच अडकली.

ती फोनवर रडली. घरातलं कुणीतरी म्हणालं, "अगं, लोक पायी निघालेत आग्रा रोडने, लेकरं खांद्यावर घेऊन, आणि तुला झोक्याचं पडलंय?" बोलणं खोटं नव्हतं. धुळे, शिरपूर ओलांडून उत्तरेकडे चाललेली माणसं आम्ही पाहिली होती, त्यांना पाणी दिलं होतं. पण त्या बोलण्याने ती गप्प झाली, आणि तिचं गप्प होणं मला रडण्यापेक्षा जास्त लागलं. जगावर केवढं संकट आहे हे तिला कळत होतंच. त्यामुळे पहिली आखाजी परत मिळणार होती का? पुढच्या साली आखाजी येते, पण ती दुसरी असते. सगळे बेत पुढे ढकलता येत नाहीत, आणि ज्याचा असा बेत गेला त्याला निदान तो गेला असं म्हणू द्यावं.

मायने तेच केलं. फोन हातात घेऊन ती आपल्या अहिराणीत एवढंच म्हणाली, "रडी ले वं बाई." बराच वेळ दोघी काही बोलल्या नाहीत. मग मायने विचारलं, घरात हरभऱ्याची डाळ आहे का, गूळ किती आहे, कढई केवढी आहे. पुरणपोळीचं खापर नव्हतं, म्हणून आखाजीच्या दिवशी सुरतेच्या गॅसवर कढई पालथी घातली गेली. माय इकडून सांगत होती: पीठ अजून सैल कर, पोळी मनगटांवर घे, घाबरू नको. पहिल्या पोळ्या फाटल्या. आमच्याकडे बाजार बंद, नवी घागर मिळाली नव्हती. मायने तांब्याच्या कळशीवर खरबूज ठेवलं आणि पितरांना हात जोडले.

झोका मात्र तिच्या सासूबाईंनी बांधला. पाळण्यासाठी छताला लावलेल्या कड्यांतून त्यांनी दोर ओवला, त्यावर जुन्या लुगड्याची घडी घातली आणि सुनेला बसवलं. ती उतरल्यावर त्या स्वतः बसल्या. त्यांचं माहेर शिंदखेड्याचं. लेकींना बोलवायचं, जेवू घालायचं, पाठवायचं यात किती वर्षं त्या आखाजीला तिकडे गेल्याच नव्हत्या, आणि कुणी विचारलंही नव्हतं. झोक्यावर बसून त्यांनी आखाजीची, गौराईची गाणी म्हटली. बहिणीला त्यातलं एकही येत नव्हतं.

माहेरच्या ओढीचं म्हणाल, तर कवयित्री बहिणाबाईंचं माहेर आसोदा, सासर जळगाव. दोन गावांत चालत जाण्याइतकंच अंतर. तरी माहेरच्या वाटेवर त्यांनी केवढा जीव ओतला. अंतर कमी म्हणून ओढ कमी, असा हिशेब बायकांच्या मनात नसतो, हे मला त्या उन्हाळ्यात नीट कळलं.

पुढच्या साली आखाजी 14 मेला होती आणि दुसरी लाट गावागावात शिरली होती. त्या वेळी बहीण रडली नाही. तिने बेतच केला नव्हता. मला धास्ती वाटली ती याची. मोडलेल्या बेतामागे निदान मन असतं. बेत करायचंच सोडलं तर काय उरतं? माय मात्र हटून बसली. येता येणार नाही हे ठाऊक असूनही ती फोनवर विचारत राहिली, आलीस तर पहिल्या दिवशी काय खाशील, झोका घराजवळच्या निंबाला बांधू की मळ्यातल्या, कोणकोणत्या मैत्रिणींना बोलवू. बहीण आधी चिडली, मग उत्तरं देऊ लागली, मग स्वतःच सांगू लागली.

2022 ला आखाजी 3 मेला आली, रमजान ईदही त्याच दिवशी. गाडीला दोन्ही सणांची गर्दी. मी सुरतेला गेलो तेव्हा दारात दोन पिशव्या भरून तयार होत्या. दुसरी सासूबाईंची. शिंदखेड्याच्या फलाटावर त्यांचा भाऊ, सत्तरी ओलांडलेला, डोक्याला रुमाल बांधून उभा होता. त्यांना उतरवून घेतल्यावर त्याने खिडकीशी येऊन माझ्या बहिणीला सांगितलं, "आठ दिवस पाठवणार नाही हं." गाडी अमळनेरकडे निघाली.