आधी टेस्ट, मग कोड

1997 साली झुरिकहून अ‍ॅटलांटाला निघालेल्या विमानात केंट बेक आणि एरिक गामा हे दोन प्रोग्रॅमर शेजारीशेजारी बसले होते. ऊप्स्ला नावाच्या परिषदेला निघाले होते. लांबच्या प्रवासात त्यांनी जोडीनं जावा भाषेत, प्रोग्रॅम तपासणाऱ्या टेस्ट लिहिण्यासाठीचं एक छोटं साधन लिहायला घेतलं. तेच पुढे जेयुनिट झालं. आज पुण्यात हिंजवडीत किंवा खराडीत जावामध्ये काम करणाऱ्या जवळपास कुठल्याही टीमकडे ते सापडेल. मी ते रोज वापरते. आमच्याकडे नव्यानं येणाऱ्या मुलामुलींना जेयुनिट ठाऊक असतं, अजाइल ठाऊक असतं, स्प्रिंट आणि स्टँडअप तर पहिल्या आठवड्यातच अंगवळणी पडतात. पण यातल्या कित्येक गोष्टींमागे असलेल्या बेक यांचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. बेक यांच्या विचारांतला निम्माच भाग आमच्या ऑफिसांपर्यंत पोचला, आणि वाटेत राहिला तोच निम्मा जास्त मोलाचा होता, असं माझं ठाम मत आहे.

बेक यांचा जन्म 1961 चा. शिक्षण ओरेगन विद्यापीठात झालं. या विद्यापीठाचा परिसर कसा वाढवावा याचा आराखडा वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांच्या विचारांवर बेतलेला होता. इमारतीत राहणाऱ्यांनीच ती घडवण्यात भाग घ्यावा, आणि ती एकदम न बांधता थोडी थोडी, गरजेनुसार वाढवावी, असं अलेक्झांडर सांगत. पुढे टेक्ट्रॉनिक्स या कंपनीत बेक यांना वॉर्ड कनिंगहॅम भेटले, आणि 1987 साली या दोघांनी अलेक्झांडर यांची ‘पॅटर्न’ची कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आणणारा निबंध सादर केला. दोन वर्षांनी त्यांनीच सीआरसी कार्डांची पद्धत मांडली. प्रोग्रॅमच्या प्रत्येक घटकासाठी साधं पुठ्ठ्याचं एक कार्ड घ्यायचं. त्यावर घटकाचं नाव, त्याच्या जबाबदाऱ्या आणि तो कुणाच्या मदतीनं काम करतो एवढंच लिहायचं. कार्डं टेबलावर मांडायची, हातात धरून बोलायचं, सरकवायची. मजकूर कार्डावर मावेना झाला की त्या घटकावर नको इतकं काम पडलंय हे उघड व्हायचं. मी ही पद्धत आजही नव्या टीमबरोबर वापरते, आणि स्क्रीनवरच्या कुठल्याही आकृतीपेक्षा ती लवकर उमगते.

बेक यांच्या कारकिर्दीतला कसोटीचा प्रसंग म्हणजे क्रायस्लर. या मोटार कंपनीला सुमारे 87,000 कर्मचाऱ्यांच्या पगाराची नवी प्रणाली हवी होती. प्रकल्पाचं नाव सी-थ्री, भाषा स्मॉलटॉक. 1996 साली बेक यांना बोलावलं ते प्रोग्रॅमचा वेग वाढवून देण्यासाठी. त्यांनी पाहिलं तर वेगाचा प्रश्न पुढचा होता. मुळात पगाराचे आकडेच बरोबर येत नव्हते. लिहिलेलं बाजूला ठेवून नव्यानं सुरुवात करा, असा सल्ला त्यांनी दिला आणि तो मानलाही गेला. टीमला रोज मार्गदर्शन करायला त्यांनी रॉन जेफ्रीज यांना आणलं. दोघांनी एका मशीनवर बसून लिहायचं, पगार खात्यातला जाणकार माणूस टीममध्येच बसवायचा, बदल सतत एकत्र करत राहायचे, सगळ्या टेस्ट पास झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग, म्हणजे एक्सपी, इथे घडलं. 1997 मध्ये सुमारे 10,000 लोकांचा पगार या प्रणालीतून निघू लागला.

बाकीच्यांपर्यंत मात्र ती कधीच पोचली नाही. टीममध्ये बसणारा पगार खात्याचा प्रतिनिधी कामाच्या ताणानं थकून गेला, आणि त्याच्या तोलाचा दुसरा मिळाला नाही. 1998 मध्ये क्रायस्लरचं डाइमलरशी विलीनीकरण झालं. फेब्रुवारी 2000 मध्ये सी-थ्री बंद पडला. ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग एक्स्प्लेन्ड’ हे बेक यांचं पुस्तक येऊन जेमतेम चार महिने झाले होते! टीकाकार आजही याच गोष्टीवर बोट ठेवतात. एका माणसावर सगळ्या निर्णयांचा भार टाकणं चुकीचं होतं, हे मलाही पटतं. पण जो भाग चालू झाला तो खऱ्या माणसांचा खरा पगार काढत होता, आणि या क्षेत्रातले कित्येक मोठे प्रकल्प तिथपर्यंतही पोचत नाहीत.

त्या पुस्तकाचा गाभा बारा पद्धतींच्या यादीत नाही, असं मला वाटतं. तो एका आर्थिक दाव्यात आहे. सॉफ्टवेअरच्या खर्चाचा अभ्यास करणाऱ्या बॅरी बोहम यांनी 1981 च्या ग्रंथात दाखवलं होतं की प्रकल्प पुढे सरकतो तसा बदलाचा खर्च अनेक पटींनी वाढत जातो. म्हणून सगळं आधी ठरवा, कागदावर घ्या, सही घ्या, मग लिहा, ही शिस्त आली. बेक यांनी विचारलं, हा खर्च वाढूच दिला नाही तर? प्रत्येक वर्तनाला आपोआप चालणारी टेस्ट असेल, रचना साधी असेल आणि ती रोज थोडी थोडी नीटनेटकी होत असेल, तर दोन वर्षांनी मागितलेला बदलही आवाक्यात राहील. आणि तो आवाक्यात असेल तर सगळं आधी ठरवून ठेवायची गरजच उरत नाही. छोटे रिलीज, बदलत्या मागण्यांचं स्वागत, हे सगळं या एका खांबावर उभं आहे.

हा खांब म्हणजे नेमकं काय, ते त्यांच्या टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंटवरच्या, म्हणजे टीडीडीवरच्या, पुस्तकात दिसतं. सुरुवात अगदी साधी आहे: 5 डॉलरची दुप्पट 10 डॉलर झाली पाहिजे, अशी टेस्ट. डॉलर नावाचा घटक अजून अस्तित्वातच नाही, त्यामुळे ती कंपाइलही होत नाही. ते रिकामा घटक लिहितात. टेस्ट चालते आणि नापास होते, पट्टी लाल. मग ते सरळ 10 हा आकडाच लिहून टाकतात. पट्टी हिरवी! पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही लबाडी वाटते. पण पुढच्याच पावलात ते 10 च्या जागी 5 गुणिले 2 लिहितात, मग 5 च्या जागी रक्कम, 2 च्या जागी पट, आणि दर पावलागणिक टेस्ट चालवून पाहतात. असं करत करत डॉलर आणि फ्रँक यांची मिश्र बेरीज करणारी रचना उभी राहते. बेक सांगतात की आधी टेस्ट लिहायची ही युक्ती त्यांना सुचली ती लहानपणी वाचलेल्या एका जुन्या पुस्तकावरून. अपेक्षित उत्तराची टेप आधी हातानं तयार करा आणि प्रोग्रॅमची टेप तिच्याशी जुळेपर्यंत काम करा, असं त्यात होतं.

विम्याच्या हप्त्याची आकडेमोड करणारं एक मॉड्यूल माझ्या टीमकडे आलं होतं. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला, टेस्ट एकही नाही. ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हा तिथला अलिखित नियम होता. आम्ही आधी जुन्या पॉलिसींच्या उत्तरांवरून टेस्ट लिहिल्या आणि मगच कोडला हात घातला. ते काम संपल्यावर माझ्या टीममधल्या सर्वांत नवख्या मुलीनं कुणालाही न विचारता त्यात बदल केला, टेस्ट चालवल्या आणि निवांत जेवायला गेली. बेक यांनी प्रोग्रॅमरला काय दिलं याचा यापेक्षा चांगला दाखला माझ्याकडे नाही.

फेब्रुवारी 2001 मध्ये युटातल्या स्नोबर्ड इथे 17 जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्याआधीच्या वर्षी बेक यांनी ओरेगनमध्ये भरवलेल्या बैठकीत त्याचं बीज पडलं होतं. जाहीरनाम्यानंतर मात्र स्प्रिंट आणि रोजच्या बैठकांची स्क्रम ही पद्धत पुढे गेली आणि एक्सपी मागे पडलं. त्याचं कारण मला स्वच्छ दिसतं: बैठका दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये शिकवता येतात, प्रमाणपत्रं देता येतात, आधी टेस्ट लिहायची सवय लागायला महिने जातात. आमच्याकडे स्टोरी पॉइंट आले, वेलॉसिटीचे तक्ते आले, कार्डं जिरा या सॉफ्टवेअरमध्ये गेली. सलग दुसऱ्या आठवड्यात जादा तास करायचे नाहीत, हा एक्सपीचा नियम कुठल्याच तक्त्यात आला नाही. दर दोन आठवड्यांनी रिलीज हवं आणि टेस्टला वेळ नाही, अशा टीममध्ये बदलाचा खर्च बोहम यांच्या आलेखाप्रमाणेच वाढत जातो आणि माणसं रात्री जागून तो फेडतात.

2011 मध्ये बेक फेसबुकमध्ये गेले आणि 2018 पर्यंत तिथे होते. तिथे त्यांनी टीडीडीचा वर्ग जाहीर केला तर एकही नाव आलं नाही. त्याच वेळी टँगो नाचाचा वर्ग मात्र भरून गेला होता. त्यांनी आपली पुस्तकं बाजूला ठेवली आणि टेस्ट कमी असूनही तिथली मंडळी वेगानं आणि सावधपणे कोड कसा बदलतात, ते विद्यार्थ्यासारखं पाहायला सुरुवात केली. त्यातून त्यांनी मांडलं की नवी कल्पना चाचपडताना, ती झपाट्यानं पसरताना आणि स्थिरावल्यावर कामाच्या पद्धती वेगळ्या असाव्या लागतात. स्वतःच्याच सिद्धांताला मर्यादा घालायची तयारी या वयात आणि या कीर्तीनंतर ठेवणारे लोक आमच्या क्षेत्रात फार थोडे आहेत. 2023 मध्ये आलेल्या ‘टायडी फर्स्ट?’ या छोट्या पुस्तकातही ते पुन्हा तोच जुना प्रश्न घेऊन बसतात: आधी आवरावं की आधी बदल करावा, आणि त्याची किंमत काय.

या व्यवसायातल्या तरुण वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या सुट्टीत टीडीडीच्या पुस्तकाचा डॉलर-फ्रँकचा भाग नुसता वाचू नका. कीबोर्ड पुढ्यात घ्या आणि प्रत्येक पाऊल स्वतः टाइप करा. भाषा कुठलीही चालेल. आणि तुम्ही मॅनेजर असाल, तर पुढच्या स्प्रिंटच्या नियोजनात टेस्ट लिहिण्याचा वेळ धरा आणि वेळापत्रक कोलमडलं तरी तो कापू नका.