नव्या लोखंडाचं जुनं इंजिन

जुन्या गाडीचं इंजिन नव्यानं ओतून, सीएनसीवर कापून बनवणं म्हणजे नक्कल, आणि ती जुन्या गाडीत बसवून कुणी मिरवू नये, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. नुसतं म्हणत नव्हतो, त्यावरून भांडतही होतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न आणि ओतकामात आयुष्य गेलेल्या माणसाला जुन्या कास्टिंगबद्दल जरा जास्तच माया असते. तडा गेला तर टाके घाला, बोअर झिजला तर स्लीव्ह मारा, पण ब्लॉक तोच ठेवा, हा माझा हेका. आता तो राहिलेला नाही. निदान जसा होता तसा नाही.

निमित्त झालं ऑस्टिन सेव्हनचं. नव्या पिढीला हे नाव ठाऊक नसेल, म्हणून थोडं सांगतो. 1921 मध्ये ऑस्टिन कंपनी कर्जात बुडालेली. छोटी गाडी काढायची म्हटलं तर संचालक मंडळ तयार होईना. तेव्हा हर्बर्ट ऑस्टिननं कारखान्यातल्या स्टॅन्ली एज नावाच्या अठरा वर्षांच्या ड्राफ्ट्समनला आपल्या बंगल्यावर नेलं आणि तिथल्या बिलियर्डच्या खोलीत गाडीचं डिझाइन सुरू केलं. छोट्या गाडीला दोन सिलिंडर पुरेत, असा तेव्हाचा रिवाज. एजनं चार सिलिंडरचा आग्रह धरला आणि तो टिकला. 1922 मध्ये गाडी बाहेर आली. सुरुवातीचं 696 सीसीचं इंजिन लगेच पुढच्या वर्षी 747 सीसीचं झालं. ताकद जेमतेम साडेदहा अश्वशक्ती. 1939 पर्यंत अशा सुमारे 2 लाख 90 हजार गाड्या बनल्या. जर्मनीत हीच गाडी परवान्यावर ‘डिक्सी’ नावानं निघाली, ती काढणारी कंपनी बीएमडब्ल्यूनं विकत घेतली आणि बीएमडब्ल्यू मोटारीच्या धंद्यात आली. कॉलिन चॅपमनची पहिली लोटस याच गाडीवर उभी राहिली, ब्रूस मॅक्लॅरनची पहिली शर्यतही हिच्यातच झाली.

तर अशा एका गाडीचा ब्लॉक एक हौशी गृहस्थ आमच्याकडे घेऊन आले. व्हॉल्व्हच्या सीटपासून बोअरपर्यंत तडा, वॉटर जॅकेट आतून गंजून पोकळ झालेलं. पूर्वी कुणीतरी तो वेल्ड केला होता, कुणीतरी तेच वेल्ड पुन्हा उकरलं होतं. मी सवयीनं दुरुस्तीची भाषा सुरू केली. पण ते लोखंड हाताळल्यावर कळत होतं की आता टाका घालायलाही धड जागा उरलेली नाही. मूळ वस्तू जपा असं सांगायला मूळ वस्तू शिल्लक असावी लागते. त्या गृहस्थांना तर गाडी चालवायची होती, काचेच्या कपाटात ठेवायची नव्हती.

आमच्याकडच्या पोरांनी ब्लॉक स्कॅन केला. तासाभरात पडद्यावर हुबेहूब चित्र आलं. मला वाटलं, झालं काम. तसं नव्हतं. स्कॅनर झीजही इमानेइतबारे उतरवतो, गंजाचे खड्डेही, आणि शंभर वर्षांपूर्वी मोल्डिंगच्या वेळी कोअर सरकल्यामुळं भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ झाली होती, तीही तशीच. याचं मॉडेल करून ओतलं असतं तर म्हाताऱ्या ब्लॉकचं दुखणं नव्याला जन्मापासून मिळालं असतं. शिवाय करडं ओतीव लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आक्रसतं. जुन्या तुकड्याचाच साचा उठवला तर तीस सेंटिमीटरला तीन मिलिमीटर तूट येते. म्हणजे हुबेहूब उतरवायचं म्हटलं तरी हुबेहूब करून भागत नाही. मुळात काय करायचं होतं ते शोधावं लागतं.

आणि ते शोधता येतं, ही माझ्यासाठी नवी गोष्ट होती. मिलिमीटरमध्ये मापं घेतली की आकडे विचित्र यायचे. ते इंचात मांडले की एकेक जागेवर बसायचा. स्ट्रोक 76.2 मिलिमीटर, म्हणजे नेमके तीन इंच. बोअर घासून घासून मोठा झालेला, पण मूळचा 2.2 इंचांचा. एखादी भिंत तिरकी का, तर पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून. अमुक ठिकाणी उगाच वाटणारा उंचवटा का, तर मशीनवर जॉब पकडायला जागा हवी म्हणून. जन्मभर पॅटर्न केले, पण दुसऱ्या पॅटर्नमेकरशी इतकं बोलणं कधी झालं नव्हतं. दुरुस्ती करताना मी त्याच्या कामाभोवती फिरत होतो. नवा ब्लॉक करताना त्याचा प्रत्येक निर्णय मला पुन्हा घ्यावा लागला. माझं मत हललं ते इथं.

साच्याची सोयही आता निराळी आहे. पूर्वी वॉटर जॅकेटच्या कोअरसाठी लाकडी कोअरबॉक्स करण्यातच महिने जात. एका ब्लॉकसाठी कोण तेवढा खर्च करणार? आता वाळूचा कोअर थेट मॉडेलवरून छापून मिळतो, लाकूड लागतच नाही. ऑस्ट्रेलियात 1914 च्या एका डेलाज रेसिंग कारचा ब्लॉक तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेनं असाच छापलेल्या वाळूच्या साच्यांतून करवून घेतला. लाकडाचा पॅटर्न हातातून गेल्याचं मला वाईट वाटतं हे खरं, पण त्या वाईट वाटण्याचा आणि ब्लॉकच्या खरे-खोटेपणाचा काही संबंध नाही.

मुंबईची पद्मिनी टॅक्सीही मला याच काळात आठवत राहिली. 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. तिच्या 1089 सीसीच्या फियाट इंजिनाचे बोअर किती वेळा वाढवले, किती वेळा रिंगा आणि पिस्टन बदलले, क्रँक किती वेळा ग्राइंड केला, याचा हिशेब कुण्या मेस्त्रीनं ठेवला नसेल. तिला कुणी नकली म्हटलं नाही. मग एका झटक्यात सगळं बदललं की नक्कल, आणि तीस वर्षांत हप्त्या-हप्त्यानं बदललं की अस्सल, हा कुठला न्याय?

पण दार उघडलं की वारंही आत येतं. मॉडेल पडद्यावर आल्यावर पोरांना सुधारणा सुचू लागल्या. ऑस्टिन सेव्हनच्या क्रँकला दोनच मेन बेअरिंग, एक पुढं आणि एक मागं. मधे आधार नाही, म्हणून वेग वाढला की क्रँक वाकतो आणि एक दिवस मोडतो. तेल दाबानं बिग एंडपर्यंत जात नाही, क्रँकवर पिचकारीसारखं मारलं जातं आणि क्रँकच्या फिरण्यानं आत ओढलं जातं. “काका, मधे तिसरं बेअरिंग टाकू, प्रेशर ऑइलिंग देऊ,” एकानं सुचवलं. कंपनीनंही 1936 मध्ये तिसरं बेअरिंग दिलंच होतं. तरी मी नको म्हटलं. दोन बेअरिंगचं इंजिन दोन बेअरिंगचंच राहायला हवं. नाहीतर मग मारुतीचंच बसवा, स्वस्त पडेल.

क्रँकही नवाच करायचा होता, त्याच्या पोलादाबद्दल मात्र मी पोरांच्या बाजूनं गेलो. 1925 च्या दर्जाचं पोलाद मुद्दाम शोधून वापरणं हा मला आता हट्ट वाटतो. आजचं स्वच्छ मिश्रपोलाद, फिलेटची त्रिज्या नीट ठेवलेली आणि वरून नायट्रायडिंग, एवढ्यानं तोच क्रँक, त्याच आकारात, कितीतरी जास्त टिकतो. फोर्जिंगची ओढ मला आहे. पण एका क्रँकसाठी डाय कोण करणार? अखंड तुकड्यातून कापला.

इनलेटच्या पोर्टांवर आमचं एकमत झालंच नाही. मूळ ब्लॉकमध्ये दोन-दोन सिलिंडरांना एकच पोर्ट. चॅपमननं 1951 च्या लोटस मार्क थ्रीमध्ये त्या पोर्टांत पडदे घालून चारही सिलिंडरांची वाट वेगळी केली. गाडी एवढी पळू लागली की शर्यती भरवणाऱ्या क्लबला ती युक्ती नियमानं बंद करावी लागली. पोरांचं म्हणणं, ही युक्तीही इतिहासच आहे, मग ओततानाच चार पोर्ट का नकोत? मुद्दा वजनदार आहे, नाकारता येत नाही. मी नाकारला.

एका बाबतीत माझा जुना कडवेपणा तसाच आहे. त्या गृहस्थांनी विचारलं, जुना इंजिन नंबर नव्या ब्लॉकवर पंच करता येईल का? मी साफ नाही म्हणालो. फिवा या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची ट्यूरिन सनदही सांगते की नव्यानं केलेले भाग सहज ओळखू यावेत म्हणून त्यांच्यावर कायमची खूण असावी. म्हणून ओतायच्या आधीच ब्लॉकच्या बाजूला, सहज दिसेल अशा ठिकाणी, ओतल्याचं साल घातलं. उठावदार अक्षरांत, खरवडल्याशिवाय जाणार नाही असं. ते थोडे नाराज झाले. मग जुना तडकलेला ब्लॉक त्यांनी नंबरासकट घरी नेला आणि नव्याचे राहिलेले पैसे दिवाळीनंतर देतो म्हणाले.